लोटलीची वाट

आमच्या खानापूर तालुक्यातून गोव्यास उतरण्यास तीन वाटा आहेत. एक जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने, दुसरी रामनगरवरून अनमोडच्या घाटाने आणि तिसरी लोंढ्याहून आगगाडीने. पहिल्या दोन वाटांनी मोटारी लवकर पोचतात. परंतु आमच्या घरात गोव्याची वाट म्हटली म्हणजे ती आगगाडीचीच, असा माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता आहे. १९६४ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन जनतेसाठी खुले झाले, तेव्हा वडील माझ्या थोरल्या बहिणीला ह्याच वाटेने घेऊन गेले होते. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. माझा तर जन्मही झालेला नव्हता. त्यानंतर दर दहा वर्षांनी येणारे एकही दर्शन तिने चुकविले नाही. आई लवकर वारल्यामुळे आम्हां भावंडांना तिनेच वाढविले. पुढे वैधव्य आल्यावर ती माहेरी परत आली ती कायमचीच. गावात तिला सगळेच आक्का म्हणत.

२०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा दर्शनाचा योग आला, तेव्हा मात्र आक्का खाटेवरून उठू शकत नव्हती. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पोटात पसरला होता. शहरातील इस्पितळातून आम्हांला सांगण्यात आले, "आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी घेऊन जा." आम्ही घरी आणले. घरी आणल्यावर काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

एके दिवशी आक्का म्हणाली, "या खेपेला तू जा. माझ्या नावाने दर्शन घे, आणि सायबाच्या पायाशी लावलेली एक मेणबत्ती मला आणून दे." मी होकार दिला. पण मनात दुसरेही एक काम होते आणि ते मी तिला सांगितले नाही. लोटली गावी, असाध्य कर्करोगाच्या रुग्णांना अखेरपर्यंत सांभाळणारे एक सदन आहे, असे आमच्या धर्मगुरूंनी मला सांगितले होते. आक्काला तेथे ठेवता येईल काय, हे मला पाहावयाचे होते. बहिणीच्या नावाने दर्शनास निघालेला भाऊ तिला घराबाहेर ठेवण्याची तजवीज करीत चालला आहे, ही टोचणी लोंढ्यापासूनच माझ्या सोबतीला होती.

३ डिसेंबरचा सण उलटून दोन दिवस झाले होते. कॅसलरॉक मागे पडले आणि गाडी बोगद्यामागून बोगदे ओलांडीत घाट उतरू लागली. दूधसागरच्या पुलावर नेहमीप्रमाणे सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाला. पावसाळ्यातला तो रौद्र लोंढा आता नव्हता. काळ्या कड्यावरून पांढऱ्या दोऱ्या सोडाव्यात तसे पाणी उतरत होते. "तेथे पोचलास की एक आमच्या बापाची प्रार्थना म्हण. बाबा म्हणत असत," असे आक्काने बजावले होते. ती म्हटली. पुढे कुळे, सावर्डे करीत गाडी मडगावला आली, आणि तेथून बसने मी जुने गोवे गाठले.

जुन्या गोव्याचे वर्णन वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. बॉम जेझूची ती लाल जांभ्या दगडाची भिंत, समोर से कॅथेड्रलची एकच उरलेली घंटेची बुरूजवजा मनोरा, मधली हिरवळ, हे सर्व आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात संताचे अवशेष बॉम जेझूमधून से कॅथेड्रलमध्ये आणून ठेवले होते. रांग लांब होती, पण शिस्तीची. माझ्यापुढे एक वृद्ध बाई चाकाच्या खुर्चीत होती, आणि तिचा मुलगा दर थोड्या वेळाने तिच्या डोक्यावरचा पदर उन्हासाठी पुढे ओढीत होता. दर्शन क्षणाचे. मी आक्काचे नाव घेतले आणि पुढे सरकलो. मेणबत्ती लावली, घटकाभर जळू दिली, विझवून रुमालात गुंडाळली.

मग सावलीत बसलो असता, ज्या संताच्या पायाशी लाखो माणसे येतात त्याच्या स्वतःच्या अंतकाळी कितीजण जवळ होते, हा विचार मनात आला. आपल्या प्रवचनांतून त्यांच्या प्रवासांचे आणि बाप्तिस्म्यांचे वर्णन पुष्कळ होते, अंतकाळाचे थोडे. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले, तेव्हा पोपचे प्रतिनिधी असूनही त्यांनी आपला मुक्काम येथील राजेशाही इस्पितळात ठेवला. ते रुग्णांची सेवा करीत, आणि जो सर्वांत अत्यवस्थ असेल त्याच्या खाटेशी जमिनीवर रात्री निजत. मरणाऱ्याला रात्री जाग आली तर हाताशी माणूस असावे, एवढाच त्यात हेतू. ते इस्पितळ आज उभे नाही.

पुढे दहा वर्षांनी त्यांची स्वतःची पाळी आली. चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर, मुख्य भूमीवर जाण्यासाठी नावेची वाट पाहात असता २१ नोव्हेंबर १५५२ रोजी त्यांना ताप भरला. आसऱ्यासाठी त्यांना 'सांता क्रूझ' नावाच्या जहाजावर नेले. परंतु जहाजाचे हेलकावे त्यांना सोसवेनात. दुसऱ्याच दिवशी त्यांना पुन्हा किनाऱ्यावर आणून झोपडीत ठेवण्यात आले. जवळ होता तो अंतोनियो नावाचा चिनी तरुण. तो गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात शिकलेला होता. संतांची वाचा मध्ये काही काळ गेली, ते माणसे ओळखेनात, आणि अंतोनियोला न समजणाऱ्या भाषेत काही बोलत राहिले. ती त्यांची बालपणीची बास्क भाषा असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ३ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी अंतोनियोने त्यांच्या हाती पेटती मेणबत्ती दिली, आणि त्या उजेडात त्यांचा प्राण गेला. वय ४६ वर्षे. आपल्याला हे सारे ठाऊक आहे ते अंतोनियोने पुढे लिहून ठेवले म्हणून.

औषध नाही, वैद्य नाही, भाषाही पुरी कळत नाही. तरी एक माणूस उठून गेला नाही. आणि जहाजावर नेणाऱ्यांनी काय वाईट केले होते? त्यांना चांगलेच करावयाचे होते. पण रुग्णाला ते मानवले नाही, आणि त्यांनी आपला हट्ट न धरता त्याला परत आणले. रुमालातली मेणबत्ती हातात धरून मी ह्याचा विचार करीत बसलो, तो बसची वेळ झाली.

जुन्या गोव्याहून लोटलीस जाण्यासाठी बाणस्तारीवरून फोंड्यास यावे लागते, आणि तेथून बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडावी लागते. पूल ओलांडला की सासष्टी लागते, आणि लगेच लोटली. माडांची आणि भातखाचरांची ती जमीन, मधूनमधून जुनी, ऐसपैस, पुढे बलकांव असलेली घरे, चौकात जगाच्या तारणाऱ्याला वाहिलेले भव्य चर्च. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा ह्यांचे वडिलोपार्जित घर ह्याच गावात आहे. दुपारची वेळ होती. गाव इतके शांत होते की माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटू लागला.

येथील 'शांती आवेदना सदन' ही वांद्र्याच्या मूळ सदनाची शाखा आहे. वांद्र्यास, माऊंट मेरीच्या टेकडीवर, टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनी १९८६ साली ते सुरू केले. भारतातील अशा प्रकारचे ते पहिलेच सदन होय. ज्यांचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, अशा कोणत्याही धर्माच्या रुग्णांना तेथे विनामूल्य सांभाळतात. ह्या कार्याला आजचे रूप दिले ते इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स ह्या बाईंनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्यांच्या वेदनांकडे कोणी नीट पाहात नाही हे ध्यानी आल्यावर पुढे डॉक्टरही झाल्या. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर सदन उघडले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. ती मनाची, घरच्या काळजीची आणि आत्म्याचीही असते, आणि ह्या चारींकडे एकदम पाहावे लागते, हे त्यांचे सांगणे.

तेथे एका सिस्टरांनी माझ्याजवळचे कागद शांतपणे वाचले. मी विचारले, "सिस्टर, आणखी किती दिवस असतील?"

त्यांनी उत्तर दिले नाही. उलट विचारले, "रात्री त्यांना काय दुखते?"

मला सांगता येईना. दिवसा मी आक्काजवळ बसत असे. रात्री मात्र बाहेरच्या खोलीत झोपत असे. रात्रीचे सारे माझी पत्नीच करीत होती. हे कबूल करताना मान खाली गेली.

"आणि त्यांना स्वतःला कोठे राहावेसे वाटते? विचारलेत काय?"

हेही विचारले नव्हते. डॉक्टरांशी बोललो, धर्मगुरूंशी बोललो, धाकट्या भावांशी फोनवर तासन्‌तास बोललो. तिच्याशी मात्र, "लवकरच बरे वाटेल," यापलीकडे एक शब्द बोललो नव्हतो. रोगाचे नावही तिच्यासमोर आम्ही घेतले नव्हते.

सिस्टर रागावल्या नाहीत. "सगळेच असे करतात, भाऊ," असे म्हणून त्यांनी मला तासभर बसवून घेतले, आणि जे सांगितले ते मी बसच्या तिकिटाच्या मागे नव्हे, वहीत नीट लिहून घेतले. वाचकांपैकी कोणाला आज ना उद्या उपयोगी पडेल म्हणून त्यातील मुख्य गोष्टी येथे देतो.

वेदना सहन करीत ठेवू नये. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फीन हे जुने आणि खात्रीचे औषध आहे. दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळ लावून, साधी गोळी असल्यास साधारण दर चार तासांनी ते द्यावयाचे असते. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मापाने दिले तर त्याचे व्यसन लागत नाही आणि आयुष्यही तुटत नाही. त्याने पोट मात्र घट्ट होते, म्हणून बरोबर रेचक हवेच. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे हे औषध मिळणे फार दुरापास्त झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून ते मिळू शकते. आपल्यातील काही भाविकांना वाटते की वेदना निमूट सोसणे हाच धर्म. परंतु २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस ह्यांनी डॉक्टरांपुढे बोलताना, मरणाऱ्याची वेदना शमविण्यासाठी अशी औषधे देणे योग्य आहे, हे स्पष्ट केले होते. आज कित्येक दशकांनंतरही आपण ते पुरते ऐकलेले नाही.

दुसरे, अंगाखालचे. दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड, कंबर, टाचा, खांदे येथे कातडी लाल झाली आहे का, ते रोज पाहावे. चादरीला सुरकुती ठेवू नये.

तिसरे, अन्नाचे. अखेरीस भूक जाते ती शरीरालाच अन्न नको असते म्हणून. अन्न न दिल्याने माणूस मरतो आहे असे नसून, मरणाजवळ आल्याने तो अन्न सोडतो आहे. तोंडात बळेच घातलेला घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. ओल्या मऊ फडक्याने तोंड पुसावे, ओठांना थोडे तूप लावावे, मागेल तर चमचाभर पाणी द्यावे.

चौथे, अगदी शेवटच्या दिवसांचे. हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, घशात घरघर लागते. ऐकणाऱ्याला ती घरघर भयंकर वाटते. रुग्णाला तितका त्रास होत नसतो. एका कुशीवर वळवावे. डोळे मिटले तरी कान बहुधा ऐकत असतात, म्हणून खाटेशी शेतीच्या वाटण्या बोलू नयेत. तिच्याशी बोलावे.

उठताना मी विचारले, "मग येथे आणू की नको?"

"वेदना आटोक्यात असेल आणि रात्र वाटून घ्यायला दोन माणसे असतील, तर घरी ठेवता येते. तसे नसेल, तर आम्ही आहोत. येथे आणण्यात काही लाज नाही. पण आधी त्यांना विचारा."

परतीच्या गाडीत घाट चढताना बाहेर अंधार होता. लोक काय म्हणतील, ही भीती मी लोटलीस येताना घेऊन आलो होतो. जाताना तिची जागा दुसऱ्याच भीतीने घेतली होती: आक्काशी खरे बोलावयाचे कसे?

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती तिच्या हाती दिली. दर्शनाचे सारे सांगितले. मग लोटलीचेही सांगितले, काही न लपविता. ती बराच वेळ छताकडे पाहात होती. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं की रे. तू सांगत नव्हतास, म्हणून मी विचारलं नाही. तुला वाईट वाटलं असतं." इतके महिने आजारी माणूसच आमची समजूत राखीत होते!

"तुला कोठे राहायचे आहे?"

"हितंच. ह्या खिडकीपाशी. पण हिचे हाल होतात," ती माझ्या पत्नीकडे पाहात म्हणाली, "तिला झोप मिळू दे. रात्री तू बस."

त्याप्रमाणे रात्री मी बसू लागलो. एकोणसाठाव्या वर्षी मला प्रथमच कळले की रात्री दोन वाजता आक्काच्या कमरेत कळ येते, आणि कळ येण्यापूर्वी ती उजव्या हाताने चादर घट्ट धरते. बेळगावच्या एका डॉक्टरांनी मॉर्फीन सुरू केले. चौथ्या दिवशी चादर धरणारा तो हात सैल झाला, आणि अनेक आठवड्यांनी तिने विचारले, "यंदा काजूला मोहर कसा आहे?"

आमच्याकडे एक चुकीची समजूत आहे. धर्मगुरू तेल घेऊन घरी आले म्हणजे माणूस संपलाच, असे समजून त्यांना अगदी शेवटी, शुद्ध गेल्यावर बोलावतात. १९७२ साली पोप सहावे पॉल ह्यांनी ह्या संस्काराचा विधी नव्याने घालून दिला, आणि तो केवळ प्राण जाताना नव्हे, तर गंभीर आजार सुरू झाला असतानाही घ्यावयाचा रुग्णाभ्यंग संस्कार आहे, हे स्पष्ट केले. आक्काने तो पूर्ण शुद्धीत, आपल्या तोंडाने उत्तरे देत घेतला. खरा शेवटचा संस्कार तो नव्हे. शेवटचे ते पाथेय, म्हणजे वाटेच्या शिदोरीदाखल दिलेले ख्रिस्तशरीर. जन्मभर दुसऱ्यांना शिदोरी बांधून देणाऱ्या आक्काला तो शब्द फार आवडला होता.

आळी मदतीला आली. पण ती आपोआप आली नाही, मागावी लागली. प्रथम दारातून डोकावून, "देवाची इच्छा," म्हणून जाणारे शेजारी, "शुक्रवारी रात्री तुम्ही बसाल का?" असे विचारताच खरोखर बसले. लोकांना मदत करावयाची असते, पण काय करावे ते कळत नाही. केरळात कोझिकोड येथे १९९३ पासून डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली साध्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवून घरोघरच्या अशा रुग्णांची सेवा उभी राहिली आहे. आपल्या धर्मग्रामांत मरणानंतरच्या जेवणाला, फुलांना, बँडला माणसे कमी पडत नाहीत. त्यांतील चार माणसे मरणाआधीच्या रात्रींसाठी मिळाली, तर किती घरे सावरतील!

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आक्काचे बोलणे थांबले. त्याआधी दोन रात्री ती काहीबाही बोलत होती. त्यात माझे नाव नव्हते. आमच्या आईशी ती बोलत असावी. मला अंतोनियो आठवला. समजत नव्हते, तरी मी "हो आक्का, हो" म्हणत राहिलो.

पहाटे श्वासांमधील अंतर वाढू लागले. पत्नीला हाक मारली. जुन्या गोव्याहून आणलेली मेणबत्ती लावली. आक्काच्या बोटांत ती धरण्याची ताकद नव्हती, म्हणून पत्नीने तिच्या हाताभोवती आपला हात ठेवला. आम्ही जपमाळ सुरू केली. तिसऱ्या रहस्यापर्यंत आलो होतो, तेव्हा पत्नीने माझ्याकडे पाहून मान हलविली.

आज कधी गोव्यास जाणे झाले म्हणजे मी मडगावहून मुद्दाम बोरीच्या रस्त्याने जातो आणि लोटलीस उतरतो. आम्ही आक्काला तेथे ठेवले नाही, तरी तिला घरी ठेवण्याचे बळ आम्हांला तेथेच मिळाले. ज्यांच्या घरी रात्र वाटून घ्यायला दुसरे माणूस नाही, त्यांनी तेथे निःसंकोच जावे. आणि ज्यांच्या घरी आहे, त्यांनी आज रात्री खाटेशी बसून आपल्या माणसाला एकदा विचारावे, तुझे काय दुखते आणि तुला कोठे राहावेसे वाटते. मला तो प्रश्न दुसऱ्या कोणी शिकवावा लागला, आणि त्यासाठी दोन तालुके आणि एक घाट ओलांडावा लागला. वाचकांना तेवढे दूर जावे लागू नये, म्हणून हे लिहिले.